नर पाहिजे म्हणे!

आमच्या गावात शहाण्यांचं पीक कधी बुडत नाही. सोयाबीन पिवळं पडतं, संत्रा गळतो, पण पानठेल्यावर खर्रा चघळत बसलेल्या शहाण्यांना ना रोग लागतो, ना त्यांना डुक्कर खातं. त्या पिकातलं अव्वल वाण म्हणजे माझा दीर. मोटारीच्या इंजिनापासून बाईच्या बाळंतपणापर्यंत त्याला सगळं कळतं. कळत नाही ते एवढंच, की आपल्याला विचारलं कोणी?

आमचं वावर आष्टीच्या वरच्या अंगाला, जंगलाला चिकटून आहे. हरभरा दाण्यावर आला की रानडुकरं उतरतात अन् नांगर फिरवावा तशी जमीन उलथून टाकतात. म्हणून माझा नवरा हिवाळाभर जागलीला जातो. संध्याकाळी जेवायचं, बॅटरी अन् काठी घ्यायची, वावरातल्या मचाणावर बसून हाकारे द्यायचे अन् सकाळी घरी यायचं. आमचा जुना कुत्रा होता तोवर मला घोर नव्हता. तो म्हातारा होऊन मेला अन् मग एक अख्खा हिवाळा नवरा एकटा गेला. तो हिवाळा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. सकाळी फाटकाची कडी वाजेपर्यंत माझ्या पोटात भाकर उतरत नसे. मला कुत्रा हवा होता तो एवढ्यासाठी, की माझा माणूस सकाळी आपल्या पायांनी घरी यावा. बाकी कुत्र्यांचा मला काही शौक नाही.

(नवऱ्याला तोंडानं मी ‘अहो’च म्हणते. इथे ‘तो’ लिहिते आहे. लिहिताना कोणाच्या बापाची भीती?)

दिरानं जाहीर केलं, कुत्रा घेऊ तर शिकारी जातीचा घेऊ. शिकार आमच्याकडे आता कोणी करत नाही, निदान फॉरेस्टवाल्यांसमोर तरी नाही. पण जात मात्र शिकारीच पाहिजे. लांब तोंड, बारीक कंबर, उंच पाय. इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. पुढे तो म्हणाला, “अन् नरच पाहिजे.”

“काऊन? मादी काऊन नाई?” मी विचारलं.

“वयनी, मादी म्हणजे वर्षातून दोनदा दारापुढं वरात. साऱ्या गावचे कुत्रे आंगणात. अन् डुकरापुढं कोण उभं राहीन? तिथं मर्दच लागते.”

“तुमी किती डुकरांपुढं उभे राह्यले, भाऊजी?”

तो हसला. माझ्या बोलण्याला तो नेहमी असाच हसतो, लेकरू बोबडं बोललं की हसावं तसा. आता खरं सांगते, हा मर्द हिवाळाभर घरात दोन गोधड्या पांघरून झोपतो. त्याच्या वाटणीच्या वावराची जागलही माझा नवराच करतो, कारण काय तर धुरा एकच, बांधाला बांध लागून आहे. नवऱ्यानं कधी हूं की चूं केलं नाही. मोठा असून धाकट्यापुढे मान हलवायची त्याला सवयच लागली आहे. नंदीबैलाला निदान पोटाला तरी मिळतं.

पिल्लं होती एका गोंड बाईकडे. आमच्या गावापासून पुढे, जंगलाच्या कडेला तिची वस्ती. कापूस वेचायला ती दरवर्षी आमच्याकडे येते. तिच्या घरच्यांशी तिच्या भाषेत बोलते, आमच्याशी आमच्या, अन् दोन्हीकडे सारखीच फटकळ. म्हणून आमचं दोघींचं जमतं. तिच्याकडची कुत्री व्याली हे तिनंच मला सांगितलं होतं. मी, नवरा अन् दीर, तिघं एका मोटारसायकलवर बसून गेलो.

पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते. दोन नर, दोन माद्या. त्यातली एक मादी काळपट अन् छातीवर चुन्याचं बोट लावल्यासारखा पांढरा ठिपका. मी तिला हातात घेतलं तर तिनं माझा अंगठा धरला अन् सोडेचना. दात नव्हते तरी सोडेना. मला ती तिथेच आवडली.

दीर म्हणाला, “असं हातात घेऊन नाई कळत. पिल्लू पारखाची रीत असते.”

रीत खरी आहे, आमच्याकडचे जुने लोक करायचे. आईला बांधून ठेवायचं. पिल्लं उचलून आंगणाच्या मधोमध उन्हात ठेवायची. मग आईला सोडायचं. ती एकेक पिल्लू मानेला धरून परत सावलीत नेते. जे आधी उचललं ते सगळ्यात दमाचं. आईला कळतं म्हणतात. दिरानं हे सगळं असं सांगितलं जसं काही त्यानंच शोधून काढलं. गोंड बाई उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं अन् एक डोळा बारीक केला.

पिल्लं उन्हात ठेवली. कुत्रीला सोडलं. ती धावत आली, चौघांना हुंगलं अन् पांढऱ्या ठिपक्याच्या मादीला उचलून कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या ढिगाआड घेऊन गेली.

“झालं,” मी म्हणाले.

“झालं कसं?” दीर म्हणाला. “ती सगळ्यात जवळ होती. पुन्हा करा लागते.”

पुन्हा केलं. या खेपेला मादीला पार टोकाला ठेवलं, विहिरीच्या बाजूनं, अन् दोन्ही नर कुत्रीच्या वाटेवर. कुत्री आली. नरांना ओलांडून गेली. सरळ टोकाला जाऊन तिनं तीच मादी उचलली.

आता माणूस असता तर गप बसला असता. पण हा आमचा दीर. “वयनीनं हातात घेतली होती न ती. तिच्या अंगाले माणसाचा वास लागला. आई घाबरली, म्हणून आधी तिले नेलं.”

“मंग आता काय करता?” मी विचारलं.

त्यानं काय केलं असेल? त्यानं ती मादी उचलली, आपल्या दुपट्ट्यात गुंडाळली अन् काखेत धरून उभा राहिला. राहिले दोन नर अन् दुसरी मादी. कुत्रीला तिसऱ्यांदा सोडलं. बिचारी आली, हुंगलं, पुन्हा हुंगलं. कुटाराआड जाऊन पाहून आली. विहिरीपर्यंत गेली. तिथून आली ती दिराच्या पायाशी, अन् त्याच्या काखेकडे मान वर करून गुरगुरायला लागली. दीर मागं मागं सरकत भिंतीला लागला, चेहरा पांढराफटक, पण काख सोडेना. शेवटी कंटाळून कुत्रीनं पायाजवळचा एक नर उचलला अन् गेली.

“पाह्यलं?” दीर ओरडला. “नर! म्हणत होतो न मी?”

गोंड बाई इतकी हसली की तिच्या हातातली तंबाखू सांडली. मलाही हसू आलं असतं. पण मी नवऱ्याकडे पाहिलं, अन् तो मान हलवत होता. “हाव,” म्हणाला, “नरच उचलला तिनं.” स्वतःच्या डोळ्यांनी तिन्ही खेपा पाहून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिराचं काय, त्याची अक्कल जन्मताच गहाण पडलेली. पण ज्याला त्या कुत्र्याच्या भरवशावर अंधारात बसायचं आहे, त्यानं हे म्हणावं?

मी त्या बाईला बाजूला घेतलं. “मले ती मादी पाहिजे.”

“नाई देत,” ती म्हणाली. “तुमचे माणसं आपल्या अकलेनं नर नेतात, म्हणून तर चांगल्या माद्या माह्याकडे राह्यतात. मी काऊन देऊ?”

हे ऐकून मला तिचा राग नाही आला, उलट आदरच वाटला. एवढ्या साऱ्या गावांच्या मूर्खपणावर बसल्या जागी पीक काढणारी बाई! मी तिच्या मागे लागले. शेवटी ती म्हणाली, “ने. पण पह्यल्या वेताची पह्यली मादी माही. कोणी काही म्हणो, मले आणून देजो.”

मी हो म्हणाले. पिल्लांनी दूध सोडल्यावर आणायला गेलो तेव्हा दिरानं नर छातीशी धरला, अन् मी मादी पदरात घातली. दीर म्हणाला, “एक काम करा वयनी, हिच्यासाठी नवरदेव बी पाहून ठेवा.” मी म्हणाले, “ठेवते. पण तुमच्या घराण्यात नाई देत.”

पुढं त्या नराचे काय लाड झाले म्हणता! त्याला दूध, त्याला अंडी. गळ्यात लाल पट्टा अन् पट्ट्याला पितळी घुंगरू. दिरानं त्याला असं नाव ठेवलं की ऐकून वाघानं जंगल सोडावं. ते नाव मी इथे लिहीत नाही, त्याला आधीच फार चढलेली आहे. दीर त्याच्यासोबत मोबाइलवर रील काढायचा. एक पाय दगडावर, एक हात मिशीवर, कुत्रा बाजूला अन् मागं दणदण गाणं. रील पाहून गावोगावचे लोक म्हणायचे, वा, काय जनावर आहे! जनावर देखणं होतं, नाही कशाला म्हणू? पण त्याच्या घुंगरांचा आवाज आला की डुकरं या धुऱ्यावरून उठायची अन् त्या धुऱ्यानं आत शिरायची. अन् कार्तिक लागला की माद्यांच्या मागं हा आठ-आठ दिवस घरी नाही. परत यायचा तो कान फाटलेला, अंगभर चिखल. त्यावर दीर खूश! “मर्द गडी हाये!” हेच मादीनं केलं असतं तर हाच माणूस तिला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून आला असता.

मादीला नाव कोणी ठेवलं नाही. मी तिला ‘ये वो’ म्हणायची, ती यायची. उरली भाकर खायची. नवऱ्याच्या मागं कोणी न सांगता वावरात जायची अन् सकाळी त्याच्या आधी फाटकात हजर व्हायची. कडी वाजायच्या आधीच मला तिच्या पायांचा आवाज यायचा. तेव्हापासून माझ्या पोटात भाकर उतरायला लागली.

मग गेल्या हिवाळ्यातली ती सकाळ आली. मी चहाची किटली घेऊन वावरात गेले होते, म्हटलं येताना सांभार, म्हणजे कोथिंबीरही तोडून आणू. ऊन नुकतं निघालं होतं. नवरा मचाणावरून उतरून तुरीच्या कडेनं चालला होता. तुरीत रानडुक्कर दबून बसलेलं त्याला दिसलं नाही. ते असं सुटलं की मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. नवरा आडवा झाला. त्याची मांडी फाटलेली मला लांबून दिसली. डुक्कर वळलं, पुन्हा त्याच्यावर जाणार, तोच मादीनं डुकराचा कान धरला. धरला तो धरलाच. डुकरानं तिला आपटलं, फरफटवलं, खांद्यापासून पोटापर्यंत सोललं. तिनं कान सोडला नाही. मी किटली फेकून मारली, दगड मारले, शिव्या दिल्या, आईबहिणीवरून दिल्या, लाज कसली? शेवटी डुक्कर अर्धा कान मादीच्या तोंडात ठेवून जंगलाकडे पळालं.

अन् आमचा मर्द कुठं होता? बंडीवर. धुऱ्याशी आमची बैलबंडी उभी होती, तिच्यावर चढून बसला होता. शेपूट पोटात, घुंगरूसुद्धा वाजत नव्हतं. डुक्कर दिसेनासं झालं तेव्हा साहेब खाली उतरले, नवऱ्याजवळ येऊन उभे राहिले अन् मग असे भुंकले, असे भुंकले, की अख्खं शिवार गोळा झालं.

सगळ्यांत आधी दीर आला. त्यानं काय पाहिलं? भाऊ रक्तात पडलेला अन् त्याच्या उशाशी नर भुंकतो आहे. मादी बिचारी तुरीत जाऊन पडली होती. दिरानं भावाला उचलायच्या आधी मोबाइल काढला. देवाशप्पथ सांगते, आधी मोबाइल काढला.

नवऱ्याच्या मांडीला टाके पडले. मादीला मी जनावरांच्या डॉक्टरकडे बंडीतून नेलं, त्यानं तिलाही टाके घातले. दोघं वाचली. आठवडाभर आमच्या घरी माणसांची रीघ. मी चहा करते आहे, दीर कथा सांगतो आहे. कसा नर डुकराच्या छाताडावर चढला, कसं त्याचं नरडं धरलं. रोज डुक्कर थोडं मोठं व्हायचं. अन् शेवटी बाजेवर पडलेल्या भावाकडे वळून विचारायचा, “काय दादा? त्यानंच वाचवलं न?”

नवरा म्हणायचा, “हाव.”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कपबशा आदळून ठेवल्या. लोक गेल्यावर मी त्याला विचारलं, “डोळे फुटले होते का तुमचे?”

“जाऊ दे न वो. कुत्र्यायचं काय एवढं? भावानं साऱ्या जगाले दाखवलं मोबाइलवर. आता त्याले खोटं पाडू का?”

“अन् मले पाडता ते चालते? मी पाह्यलं न.”

तो भिंतीकडे तोंड करून झोपला. मला त्याची कीव आली अन् किळसही आली, दोन्ही एकदम. कुत्र्यांना काही फरक पडत नव्हता, त्यांना कुठं मानपान कळतो? मला पडत होता. ज्या माणसासाठी मी जीव मुठीत धरून जागते, त्याला आपला जीव कोणी वाचवला हे चार लोकांत म्हणवत नव्हतं. कारण काय, तर ती मादी होती.

या हिवाळ्यात तो पुन्हा जागलीला जायला लागला. जरा लंगडतो. अन् मी एक गंमत पाहिली. संध्याकाळी आंगणातून निघताना तो नराला मोठ्यानं हाक मारायचा, शेजारीपाजारी ऐकतील अशी. नर दोन पावलं जाऊन परत फिरायचा, दुधाची वेळ असायची ना. मग नवरा घराला वळसा घालून मागच्या दारी यायचा अन् हळूच जीभ वाजवायचा. एवढा हळू, की भिंतीला ऐकू जाऊ नये. मादी उठायची अन् दोघं मागच्या मागं निघून जायची. वा रे वा! नाव एकाचं, काम दुसरीचं. जिवाची वेळ आली की बरोबर कळत होतं कोणाला न्यायचं. फक्त तोंड उघडत नव्हतं. मी बरेच दिवस गप राहिले. मी गप राहते तेव्हा माझ्यापासून जरा लांबच राहावं.

एका संध्याकाळी दिराकडे तळेगावकडचे दोन पाहुणे आले. आमची मादी पहिल्यांदाच गाभण होती अन् बाप तो रीलवाला नर असं दिरानं सगळीकडे ठोकून दिलं होतं, म्हणून पिल्लं आधीच बोलून ठेवायला आले होते. आंगणात बाजेवर बसले. दिराची कथा सुरू झाली. डुक्कर आता रेड्याएवढं झालं होतं. मी आत गेले, दोरी घेतली अन् मादीला मागच्या दारातून आणून पुढच्या आंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, निंबाच्या झाडाला बांधलं. चांगली गाठ मारली.

नवरा जेवून बाहेर आला. हातात काठी, बॅटरी. त्यानं मादीला बांधलेलं पाहिलं.

“हिले काऊन बांधलं?”

“गाभण हाये,” मी म्हणाले. “आज त्याले न्या न. ज्यानं तुमचा जीव वाचवला त्यालेच न्या. असा मर्द दारात असताना बाईमाणसाचं काय काम?”

दीर म्हणाला, “बरोबर बोलली वयनी. ने दादा, त्याले ने.”

नर दुधाच्या भांड्यात तोंड घालून उभा होता. नवऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग जंगलाच्या बाजूला पाहिलं. अंधारून यायला लागलं होतं. त्याचा हात आपोआप मांडीवर गेला, टाक्यांच्या जागेवर. मी त्याला नराबरोबर जाऊ दिलं असतं का? मुळीच नाही, फाटकात आडवी पडले असते. पण हे त्याला ठाऊक नव्हतं. मी तोंडावरची माशीही हलू देत नव्हते.

“कुत्री सोड,” तो म्हणाला.

“आयकू नाई आलं.”

“कुत्री सोड म्हणतो न!” असा आवाज मी त्याचा लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. “हा बंडीवर चढून बसला होता त्या दिवशी. हिनं धरलं डुकराले. हिनं! मी पाह्यलं अन् माह्या बायकोनं पाह्यलं. मले मराचं नाई हाये. सोड तिले.”

दीर खर्रा चघळायचा थांबला. मी निंबाजवळ गेले. गाठ मीच मारली होती, पण सोडवताना डोळ्यांसमोर धुरकट झालं होतं. शेवटी सुटली. मादी नवऱ्याच्या पुढं झाली अन् दोघं पुढच्या फाटकातून, सगळ्यांच्या देखत गेली.

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माणसं हुशार, मिनिटात पलटी मारली. थोरला घसा साफ करून म्हणाला, “मंग वयनी, हिच्या पिल्लातली एखादी मादीच द्या म्हणतो आमाले. पह्यली मादी आमची समजा.”

“पह्यली मादी एका बाईले बोलली हाये,” मी म्हणाले. “नर पाहिजे तेवढे न्या.”